सिंथेटिक इंजिन तेल : कोणत्या वाहनास घालावे?

उल्हास नदीकाठच्या बदलापूर गावात व आसपासच्या खेड्यांत चिखलणीसाठी पॉवर टिलर, भाजीपाला आणि जांभळे कल्याणच्या बाजारात नेण्यासाठी टेम्पो व घरोघर मोटारसायकल असे चित्र आता सर्रास दिसते. तेल बदलण्याची वेळ आली की दुकानदार सिंथेटिक तेलाचा डबा पुढे करतो. किंमत साध्या तेलाच्या पुष्कळदा दुपटीहून अधिक असते. हे पैसे कोठे वसूल होतात आणि कोठे वाया जातात, हे शेतकरी बंधूंनी समजून घेणे जरुरीचे आहे.

साधे, म्हणजे खनिज तेल कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. त्यात निरनिराळ्या आकाराचे रेणू मिसळलेले राहतात. सिंथेटिक तेलाचे मूळ द्रव्य रासायनिक प्रक्रियेने तयार करतात, त्यामुळे रेणू बरेचसे एकसारखे असतात. भेसळीचे भात आणि निवडलेले बियाणे यांत असतो, तसाच काहीसा हा फरक आहे. असे तेल कडक थंडीत गोठत नाही, जास्त उष्णतेत फार पातळ होत नाही, लवकर जळत नाही आणि इंजिनात गाळ कमी धरतो.

यापैकी थंडीचा फायदा आपल्या भागात जवळजवळ नाहीच. तो हिमालयातल्या ट्रकवाल्याने घ्यावा. आपला फायदा उष्णतेचा. एप्रिल-मे महिन्यात भरलेला टेम्पो कल्याणच्या गर्दीत तासभर थांबत-थांबत चालतो, तेव्हा इंजिन तापलेले आणि वारा नाही अशी स्थिती असते. टर्बो असलेल्या इंजिनात तर तेलाची परीक्षाच होते. रोज चालणाऱ्या अशा गाडीत सिंथेटिक तेल घालणे परवडते. तेल बदलण्याचे अंतर मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिले असेल तेवढेच ठेवावे. डब्यावरच्या जाहिरातीवरून ते वाढवू नये.

पॉवर टिलरचे गणित वेगळे आहे. तो लावणीच्या दिवसांत जोमाने चालतो व नंतर कित्येक महिने पडवीत उभा राहतो. येथे तेल तासांनी नव्हे, तर पडून राहून बिघडते. वापरलेल्या तेलात ओलावा व आम्ल साठते आणि ते बेअरिंग खाते. म्हणून हंगाम संपताच, टिलर उभा करण्यापूर्वी तेल बदलावे. पुष्कळजण पुढच्या जूनमध्ये बदलतात, तोवर नुकसान होऊन गेलेले असते. वेळेवर बदललेले साधे तेल येथे पुरेसे आहे. तेल पिणाऱ्या, गळक्या जुन्या इंजिनात महाग तेल ओतणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. आधी सील व रिंगा पाहाव्यात.

डबा घेताना ‘सिंथेटिक’ या शब्दापेक्षा त्यावरील आकडे वाचावेत. १५डब्ल्यू-४० मध्ये पहिला आकडा थंडीतील व दुसरा तापलेल्या इंजिनातील घट्टपणा दाखवितो. सीएच-४, सीआय-४ हे डिझेल इंजिनासाठीचे दर्जे आहेत. मोटारसायकलचा क्लच बहुधा त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून तिला जासो एमए दर्जाचे तेल लागते; मोटारीचे तेल घातल्यास क्लच घसरू शकतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची गाळणी असल्यास कमी राखेचे तेलच घालावे. डिझेलचे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते, ते काजळी धरून ठेवते म्हणून. तेवढ्यावरून ते खराब झाले असे मानू नये.

पुराचे पाणी शिरल्यास

२६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन्ही वेळी या भागाने उल्हास नदीचा पूर अनुभवला. इंजिनात पाणी गेले तर कितीही महाग तेल उपयोगाचे नाही. बुडालेले वाहन कधीही चालू करून पाहू नये. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचे काम इंजिन उतरविण्यावर जाते. प्रथम बॅटरीची तार काढावी. तेलाची पट्टी ओढून पाहावी. तेल दुधाळ दिसले किंवा पातळी वाढली असली, तर पाणी शिरले हे नक्की. सर्व तेल काढून फिल्टर बदलावा, एअर क्लीनर सुकवावा. इंजेक्टर किंवा प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे पाणी बाहेर पडेल. नंतर योग्य दर्जाचे स्वस्त साधे तेल भरून इंजिन थोडा वेळ बिनभाराने चालवावे व ते तेलही काढून टाकावे. दुधाळपणा राहिल्यास पुन्हा तसेच करावे. चांगले तेल शेवटी भरावे. हे काम माहीतगार मेकॅनिककडून करून घेतलेले बरे.

काढलेले काळे तेल बांधावर, ओढ्यात किंवा भातखाचरात ओतू नये. सिंथेटिक असले तरी वापरानंतर ते तितकेच घातक असते, आणि बदलापूर, अंबरनाथला पिण्याचे पाणी याच उल्हास नदीतून जाते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून ते जुने तेल पुनर्प्रक्रियेला पाठविणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.