शेजारचं गाव खरंच जास्त सुरक्षित आहे का?

‘आमच्या वाडीत एक केस नाही, नेसरीत मात्र रोज काहीतरी असतंय,’ असं गटाच्या बैठकीत नेहमी ऐकू येतं. अशा बोलण्यावरूनच लेकीला पुढं शिकायला पाठवायचं की नाही, हे घरात ठरतं. म्हणून गावागावांची तुलना नीट कशी करायची ते बघूया.

१. लोकसंख्येनं भागा. समजा, ‘अ’ गावात ६,००० माणसं आणि वर्षाला ६ गुन्हे. ‘ब’ वाडीत १,५०० माणसं आणि ३ गुन्हे. नुसतं मोजलं तर ‘अ’ वाईट वाटतं. पण हजार माणसांमागे काढलं तर ‘अ’मध्ये १ आणि ‘ब’मध्ये २ गुन्हे येतात.

२. एकाच वर्षावर जाऊ नका. ‘ब’मध्ये एक चोरी कमी झाली की हाच आकडा २ वरून १.३ वर येतो. तेवढ्यानं वाडी सुधारली असं होत नाही. तीन ते पाच वर्षांची बेरीज घ्या.

३. बाजाराचं गाव वेगळं धरा. नेसरीला आसपासच्या गावांतून बाजार, बँक, शाळा, एस.टी.साठी माणसं येतात. बाजारात मोबाईल गेला तर नोंद नेसरीच्या नावावर पडते, पण भागताना लोकसंख्या फक्त नेसरीची धरली जाते.

४. शून्य तक्रार म्हणजे सुरक्षित गाव नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या दर १०० बायकांपैकी फक्त १४ जणींनी मदत मागितली होती. ७७ जणींनी तर कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तडजोडीचे तंटे गावातच मिटले हे चांगलंच. पण ‘गावाचं नाव जाईल’ म्हणून बाईचा मार झाकला, तर आकडा खाली येतो, मार थांबत नाही. ज्या गावात बाया तक्रारीला पुढं येतात, तिथला आकडा उलट वाढलेला दिसतो.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं चार प्रश्नांची उत्तरं लिहावीत:

- अंधार पडल्यावर कुठल्या रस्त्यानं एकटीला जाता येत नाही?
- कुठला दिवा बंद आहे?
- एस.टी. थांब्यावर मुलींना कोण त्रास देतं का?
- त्रास झाला तर पहिल्यांदा कुणाला सांगाल?

नाव लिहायची सक्ती नाही. ही उत्तरं ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत मांडा आणि ठराव लिहून घ्या.

आणि हे पाठ करा: तातडीला ११२, महिला हेल्पलाईन १८१, मुलांसाठी १०९८, ऑनलाईन फसवणुकीला १९३०. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला तरी जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

शेजारच्या गावाला नावं ठेवून आपली वाट उजळत नाही. आधी आपल्या वाटेवरचा दिवा लागला पाहिजे.