हिवाळ्यातला चिखलदरा : दोन दिवसांची पायी सहल

नागपूरकर चिखलदऱ्याला जातात ते बहुतेक पावसाळ्यात, धबधबे पाहायला. तेव्हा अनेकदा धुकं इतकं दाट असतं, की पॉइंटवर उभं राहूनही दरी दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत तीच दरी खोलवर दिसते, पायवाटा कोरड्या असतात आणि चालायला हुरूप येतो. दिवस मात्र लहान, म्हणून सगळं उन्हाच्या हिशेबाने आखायचं.

सोबत घ्या : स्वेटर, कानटोपी, पकड असलेले बूट, टॉर्च, जास्तीचं बनियान, माणशी दोन लिटर पाणी, पोळी-चटणी आणि संत्री.

१. शनिवारी पहाटे साडेपाचला निघा. अमरावती-परतवाडा मार्गाने अंतर साधारण २३० किलोमीटर. पेट्रोल आणि रोख पैशांची सोय परतवाड्यातच करा. पुढे मेळघाटचं जंगल लागतं, तेव्हा घाट उजेडीच चढायचा.

२. कपडे एकावर एक घाला. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, चिखलदरा १११८ मीटरवर. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो, म्हणजे वर पाचेक अंश जास्त गारठा धरा. चढाला लागताना स्वेटर काढून पिशवीत ठेवा. घामाने बनियान भिजलं, की थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. आधी ते बदला, मगच स्वेटर चढवा.

३. दुपारी भीमकुंड गाठा. भीमाने कीचकाला मारून इथेच दरीत फेकलं आणि त्या कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं, असं सांगतात. हिवाळ्यात पाण्याची धार बारीक होते आणि कडा उघडा दिसतो. कठडा ओलांडू नका.

४. तिथून पंचबोल पॉइंट. हाक डोंगरांवर आदळून परत येते. लांबलचक वाक्य ओरडलात तर शब्द एकमेकांत मिसळतात. एकच तुटक ‘ओ!’ द्या आणि गप्प राहून मुलांना सेकंद मोजायला लावा. दोन सेकंदांनी आवाज परतला, तर समोरचा कडा सुमारे ३४० मीटरवर आहे. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी या. शेकोटी करायचीच तर निवासाच्या आवारात. जंगलात काडीही ओढू नका.

५. रविवारी सकाळी उजाडल्यावर गाविलगड. किल्ला व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, म्हणून नाक्यावर नोंद करून आत जा आणि वाट सोडू नका. दरवाजावरचं गंडभेरुंड शिल्प थांबून पाहा. हा किल्ला आपल्या नागपूरकर भोसल्यांचा. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने उत्तरेकडून तटाला खिंडार पाडून तो घेतला. दक्षिणेचे कडे सरळ तुटलेले आहेत; त्यांच्याजवळ उभं राहिलं, की हल्ला उत्तरेकडूनच का झाला ते आपोआप कळतं. तीन तास हाताशी ठेवा. वानरं असतात, पिशवीचं तोंड बांधा.

६. बारापर्यंत खाली येऊन जेवा. घरी न्यायला इथला खवा आणि कॉफी घ्या. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती याच डोंगरावर. संत्र्यांच्या साली आणि रिकाम्या बाटल्या आपल्याच पिशवीतून परत आणा.

७. दोनच्या आत घाट उतरायला लागा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. वळणांवर अजून ऊन असेल, आणि काल घाईत चढताना राहून गेलेली दरी उतरताना नीट पाहता येईल.