दोन ड्रम की दोन पेडल?

गणपतीचे दिवस जवळ आले की खामगाव, मलकापूर, मेहकर अशा आपल्या गावांतून वर्गणीच्या पावत्या फिरू लागतात आणि त्यांच्याबरोबर वाद्यांच्या तालमीही सुरू होतात. ढोल-ताशाच्या जोडीला आता ड्रमसेटही ठिकठिकाणी दिसतो. त्यातला सर्वांत मोठा ड्रम जमिनीवर आडवा ठेवलेला असतो व तो हाताने नव्हे, तर पायाने वाजवतात. पेडल दाबले की नमद्याचे डोके असलेला दांडा, म्हणजे बीटर, ड्रमच्या पानावर आपटतो.

उजव्या पायाला असे काम मिळाले की डाव्यालाही ते द्यावेसे वाटतेच. मग मंडळात वाद सुरू होतो. एक म्हणतो, दुसरा मोठा ड्रम घेऊ. दुसरा म्हणतो, ड्रम एकच पुरे. त्याच पानावर दोन बीटर मारणारे जोडपेडल घेऊ. वर्गणीतून दोन्ही होत नाही. हा प्रश्न संगीताचा वाटला, तरी त्यातला निम्मा भाग पदार्थविज्ञानाचा आहे आणि तो तुम्हाला कागद-पेन्सिल घेऊन सोडवता येईल.

अगोदर आपल्या ओळखीची वाद्ये पाहा. शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीत मृदंग असतो. त्याचे खोड एक, पण तोंडे दोन. उजवे तोंड उंच स्वराचे, डावे खर्जाचे. डाव्या तोंडावर कणीक थापतात ती वजन वाढवून स्वर उतरवण्यासाठी. गोंधळी कमरेला संबळ बांधतो. तेथे तर दोन निराळी वाद्येच असतात, एक उंच आवाजाचे व एक खालच्या. म्हणजे आपल्याकडे दोन तोंडे किंवा दोन वाद्ये आली ती दोन वेगळे स्वर हवेत म्हणून. उलट ताशा बघा. पान एक आणि काड्या दोन. आवाज तोच, पण टोले भराभर. जोडपेडल म्हणजे पायाने वाजवलेला ताशाच होय.

मग ताशाला जे सहज जमते ते मोठ्या ड्रमला का जमू नये? अडचण पानाच्या आकारात व ताणात आहे. ताणलेल्या गोल पानाचा व्यास दुप्पट केला, तर त्याची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणारी कंपने, निम्मी होते. ताण चौपट केला तर ती दुप्पट होते. ताशाचे पान लहान व कडक ताणलेले. त्याचा आवाज उंच आणि क्षणात विरणारा. मोठ्या ड्रमचा व्यास बहुधा २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर, आणि पान सैल. त्याचा आवाज खोल असतो आणि आत काही ठेवले नसेल तर तो बराच वेळ घुमत राहतो.

आता हिशेब करू. गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रांची आहे आणि प्रत्येक मात्रेत पायाने चार टोले द्यायचे आहेत. म्हणजे सेकंदाला आठ टोले. दोन टोल्यांत अंतर १/८ सेकंद. पानाची कंप्रता ६० धरली, तर तेवढ्या वेळात त्याची साडेसात कंपने होतात. पुढचा टोला येतो तेव्हा पान स्थिर नसते. ते बीटरच्या दिशेने येत असेल किंवा त्याच्यापासून दूर पळत असेल. पायाची वेळ एका सेकंदाच्या १२० व्या भागाने चुकली, की ही स्थिती उलट होते. इतका नेम कोणाच्याच पायाला नसतो. त्यामुळे एक टोला जोरकस, दुसरा बसका, असे आपोआप घडते आणि टोले एकमेकांत मिसळून नुसती गुरगुर ऐकू येते.

दोन ड्रम घेतले तर? आठ टोले दोघांत वाटले जातात. प्रत्येक ड्रमला सेकंदाला चारच टोले बसतात आणि शांत होण्यास दुप्पट वेळ मिळतो. समजा, मोकळ्या ड्रमच्या पानाचे हेलकावे दर १/८ सेकंदाला निम्मे होतात. एकाच ड्रमवर पुढचा टोला पडताना मागच्याचा निम्मा हेलकावा शिल्लक असेल. दोन ड्रम असतील तर चतुर्थांश. फायदा खरा आहे, पण त्यासाठी आख्खा ड्रम विकत घ्यावा लागला.

आता त्याच एका ड्रमच्या आत घडी केलेली गोधडी ठेवा, अशी की ती पानाला हलकेच टेकेल. कापडाच्या घड्यांतील घर्षणात पानाची ऊर्जा जिरू लागते. समजा, आता हेलकावा दर १/४० सेकंदाला निम्मा होतो. १/८ सेकंदात तो पाच वेळा निम्मा होईल, म्हणजे उरेल १/३२. दुसऱ्या ड्रमने जे साधले त्याच्या आठपट काम घरच्या गोधडीने केले! हे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. तुमच्या ड्रमचे वेगळे असतील. पण निवडीचे मर्म यात आहे. पान किती वेळ बोलते आणि पुढचा टोला किती वेळाने येतो, या दोन काळांची तुलना करायची. पहिला काळ दुसऱ्याहून बराच लहान असेल, तर दुसऱ्या ड्रमला करण्यासारखे काही काम उरत नाही.

गोधडीची किंमत मात्र मोजावी लागते. फार आखूड आवाज आपल्या कानाला कमी मोठा वाटतो, कारण कान साधारण सेकंदाच्या पाचव्या भागातील ऊर्जा गोळा करून मोठेपणा ठरवतो. सभागृहात ड्रमपुढे ध्वनिक्षेपक असेल तर हरकत नाही. उघड्या मैदानावर, ध्वनिक्षेपकाशिवाय, भरगच्च घुमणारा आवाज हवा असेल, तर गोधडी काढावी लागेल आणि मग दोन ड्रमांचा पक्ष बळावतो. अमेरिकेतला लुई बेलसन हा वादक दोन मोठ्या ड्रमांसाठी प्रसिद्ध होता. १९५१ साली तो ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात गेला. त्याच्या काळी जोडपेडलांचा आजच्यासारखा प्रसार नव्हता, हेही ध्यानात ठेवा.

दोन ड्रमांची आणखी एक कटकट आहे. दोन्ही पाने अगदी सारखी ताणणे अवघड असते. थोडा फरक राहिला की ‘धम्-धुम्, धम्-धुम्’ असा उजव्या-डाव्याचा भेद ऐकू येतो. जोडपेडलात हा भेद जवळजवळ नाहीच. दोन्ही बीटर पानाच्या मध्यापासून थोड्याशाच अंतरावर, एक इकडे व एक तिकडे आपटतात, आणि गोल पानाला डावे-उजवे सारखेच. शिवाय २२ इंची दोन ड्रम शेजारी ठेवले की एक मीटरहून अधिक रुंदी तेथेच गेली. गावोगाव कार्यक्रम करणाऱ्यांनी आपल्या जीपची मागची बाजू एकदा टेपने मोजून पाहावी.

जोडपेडलाची बाजू मी जरा अधिक घेतो आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. तेव्हा त्याचा दोषही सांगतो. उजवे पेडल ड्रमजवळ असते. डावे दूर, दुसऱ्या बाजूला. डाव्या पायाची हालचाल एका लांब दांड्यातून फिरत डाव्या बीटरपर्यंत पोहोचते. दांडा तिरका असतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट बसवतात. राजूर घाट चढणारी एस. टी. तुम्ही पाहिली आहे. इंजिन सांगाड्याला बांधलेले, मागचा आस खड्ड्यांबरोबर खाली-वर होणारा, आणि तरीही मधला दांडा फिरत राहतो तो अशाच सांध्यांमुळे. एकट्या सांध्यात एक खोड असते. आत येणारा वेग एकसारखा असला, तरी बाहेर पडणारा वेग किंचित कमीजास्त होतो. दुसरा सांधा तेवढ्याच कोनात व योग्य दिशेने बसवला, तर हा फरक भरून निघतो. म्हणून पेडल मांडताना दांड्याच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे आहेत ना, हे बघावे. या सांध्याला हुकचा सांधा असेही म्हणतात. १६७८ साली स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध करणारा रॉबर्ट हुक तो हाच. पेडलातली स्प्रिंग आणि सांधा, दोन्हींवर त्याचे नाव आहे!

स्प्रिंगवरून आठवले. बीटर आणि स्प्रिंग मिळून एक आंदोलक बनतो. पाय काढून बीटर बोटाने ढकलून सोडा. तो ठरावीक आवर्तकालाने मागे-पुढे डोलतो. झोपाळ्याला त्याच्याच लयीत ढकलले की थोड्या श्रमात मोठा झोका मिळतो. हेच अनुस्पंदन पेडललाही लागू पडते. आता डाव्या बाजूला दांड्याचे व सांध्यांचे जडत्व जास्त, म्हणून तिचा आवर्तकाल मोठा आणि पायाला ती जड लागते. जडत्व सव्वापट असेल तर परत ओढणारे बलही सव्वापट हवे, तरच दोन्ही पेडल एका लयीत डोलतील. पुष्कळ वादक दोन्ही स्प्रिंगा सारख्याच पिळतात आणि डावा पाय आळशी आहे असे समजतात. दोन स्वतंत्र ड्रमांना दोन स्वतंत्र पेडल असतात, तेथे हा त्रास मुळातच नाही. त्यांचा हा गुण मान्य केला पाहिजे.

मंडळाने पैसे देण्यापूर्वी एक प्रयोग करा. खुर्चीवर बसा, टाचा जमिनीला टेकवा आणि मित्राला घड्याळ धरायला सांगा. दहा सेकंदांत उजव्या चवड्याचे किती ठोके पडतात ते मोजा, मग डाव्याचे, मग दोन्ही पायांचे आळीपाळीने. तीनही आकडे लिहून ठेवा. आळीपाळीने मारलेले ठोके दहा सेकंदांत ८० च्या जवळपासही पोहोचत नसतील, तर वरच्या हिशेबातली लय अजून तुमच्या पायांत आलेली नाही. अशा वेळी जुन्या एका ड्रममध्ये गोधडी घालून सराव करावा व महिन्याने पुन्हा मोजावे. डाव्या पायाचा आकडा उजव्यापेक्षा किती मागे आहे, तोही पाहा. तुमच्या वर्गातल्या दहा-बारा जणांचे आकडे घेतलेत, त्यांत सायकल चालवणारे, फुटबॉल खेळणारे आणि शिलाई यंत्रावर बसणारे वेगळे लिहिलेत, तर एक चांगला तक्ता तयार होईल. शिक्षकांनी तो फळ्यावर मांडून घ्यावा.