दमा, लेकरू आणि कालामसुत्ताची कसोटी

रात्री दोन वाजता लेकराची छाती वाजू लागली, की आईबाप कोणत्याही दारात जायला तयार होतात. म्हणून या पाठात आम्ही कोणाला दोष देणार नाही. उपाय कसा पारखावा, एवढेच पाहू.

दमा म्हणजे काय?

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, परागकण किंवा सर्दीने त्या आवळतात, कफ साचतो आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. आपल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीची धूळ, गाजरगवत, चुलीतल्या पऱ्हाट्यांचा धूर ही ओळखीची कारणे. बंद खोलीतली अगरबत्तीही त्यातच येते. दम्याचे लेकरू असलेल्या घरात वंदनेला फुले पुरेत. श्रद्धा त्याने उणी होत नाही.

'अनुभव आला' याचीही तपासणी

दरवर्षी जूनमध्ये मृग लागताना हैदराबादला बत्तिनी कुटुंब दम्याच्या रोग्यांना औषध भरलेला छोटा जिवंत मासा गिळायला देते. हजारो लोक तिथे जातात. आपल्याकडे कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध वाटतात. "आमच्या पोराला गुण आला," असे सांगणारेही भेटतात.

ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. मग स्वतःच्या अनुभवाचे काय? तोही तपासावा लागतो. दमा मुळातच कमी-जास्त होतो. त्रास शिगेला पोचतो तेव्हाच आपण नवा उपाय शोधतो. नंतर त्रास आपोआप उतरतो आणि श्रेय उपायाला मिळते. लहानपणी घरघर होणारी पुष्कळ मुले सहाव्या वर्षाच्या सुमारास आपोआप सुधारतात. म्हणून उपाय घेतलेल्या आणि न घेतलेल्या बऱ्याच मुलांची तुलना करावी लागते. माशाच्या औषधाचा गुण असा सिद्ध झालेला नाही. वादानंतर त्याला औषधाऐवजी 'प्रसाद' म्हटले जाऊ लागले. होमिओपॅथीने दमा आटोक्यात येतो, याचाही ठोस पुरावा नाही.

पुडीतला धोका

बिनलेबलच्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर आधी शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे आढळले आहे. ते महिनोन्महिने पोटात गेले तर चेहरा सुजतो, वाढ खुंटते. अचानक थांबवले तर जिवावर बेतू शकते. 2004 मध्ये अमेरिकेतील बोस्टन भागात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक होते. आपल्या देशातील 1945 च्या औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये दम्याचे नाव आहे; या यादीतले आजार बरे करण्याचा दावा औषधावर करता येत नाही.

मग काय करावे?

पंपाचे व्यसन लागत नाही. त्यातले स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट श्वासनलिकेत जाते. रोजचा पंप सूज कमी ठेवतो, साल्ब्युटामॉलचा पंप झटका आल्यावर नळ्या मोकळ्या करतो. लहान मुलांना तो स्पेसर आणि मास्क लावून द्यावा. दुसरा उपाय करायचाच असेल, तर डॉक्टरांना सांगा आणि पंप बंद करू नका.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तेव्हा लेकराच्या घरघरीबद्दल जरूर सांगा. दीक्षाभूमीला जाताना पंप पिशवीत ठेवा.

बोलताना वाक्य पुरे होत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील किंवा ओठ निळे पडले, तर झटक्याचा पंप देत 108 ला फोन करा. त्या रात्री कोणत्याही पुडीची वाट पाहू नका.

विहारातील चर्चेसाठी

1. एखाद्या उपायाने गुण आला, हे आपण कशावरून ठरवतो?
2. आपल्या वस्तीत पंपाला घाबरणारे कोण आहेत? त्यांची भीती कशी घालवता येईल?
3. विहारात अगरबत्तीशिवाय वंदना सुरू करता येईल का?