मूल पायाळू आहे? पोट चोळू नका!

‘पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेची उसण जाते,’ ‘पायाळूवर वीज पडते,’ अशा समजुती आपल्याकडे पूर्वापार आहेत. त्यामुळे तपासणीत डॉक्टरांनी ‘मूल पायाळू आहे’ असे सांगितले की गरोदर स्त्री घाबरते आणि घरातील वडीलधारी मंडळी पोट चोळणाऱ्या बाईचा शोध घेऊ लागतात. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी थोडी माहिती हवी.

पायाळू म्हणजे काय?
गर्भाशयात मुलाचे डोके खाली असणे ही बाळंतपणासाठी सोयीची स्थिती. डोके वर आणि कुल्ले किंवा पाय खाली असतील तर मूल पायाळू म्हणतात. सातव्या महिन्याच्या सुमारास (२८ आठवडे) चार-पाच गर्भवतींपैकी एकीचे मूल असे असते. त्या वेळी काळजीचे कारण नाही, कारण बहुतेक मुले पुढे आपोआप फिरतात. दिवस भरताना १०० पैकी ३ ते ४ मुलेच पायाळू राहतात.

असे का होते?
गर्भजल फार किंवा फार कमी असणे, वार खाली असणे, जुळे असणे, गर्भाशयात गाठ असणे किंवा त्याचा आकार वेगळा असणे ही काही कारणे. पुष्कळदा कारण सापडतच नाही. सुनेने जड काम केले किंवा ती अमुक कुशीवर झोपली म्हणून मूल उलटे झाले, हा आरोप निराधार आहे.

धोका कोणता?
मुलाचे डोके हा त्याच्या शरीराचा सर्वांत मोठा भाग. पायाळू बाळंतपणात तो शेवटी येतो. अंग बाहेर आले आणि डोके अडकले, किंवा नाळ दबली, तर मूल काही मिनिटांतच गुदमरते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, २६ देशांतील २,०८८ स्त्रियांच्या अभ्यासात अशा मुलांसाठी आधी ठरवून केलेले सिझेरियन अधिक सुरक्षित ठरले. अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली, निवडक स्त्रियांचे बाळंतपण नैसर्गिक मार्गानेही होऊ शकते. पण घरी कधीही नाही.

मूल फिरवता येते का?
होय. ३६ ते ३७ आठवडे झाल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ पोटावरून हातांनी मूल फिरवण्याचा प्रयत्न करू शकतात. आधी सोनोग्राफी करून वार, गर्भजल आणि मुलाची स्थिती पाहतात व ठोके तपासतात. गरज पडल्यास गर्भाशय सैल करणारे औषध देतात. मग मुलाचे कुल्ले वर उचलून त्याला हळूहळू कोलांटी घ्यायला लावतात. काम काही मिनिटांचे असते, थोडे दुखते. नंतर पुन्हा ठोके पाहतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन लागू शकते. साधारण निम्म्या स्त्रियांत यश येते. क्वचित तातडीचे सिझेरियन करावे लागते, म्हणून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच हे करायचे. माझ्यासारखा जनरल प्रॅक्टिशनर हे दवाखान्यात करत नाही. मी तज्ज्ञांकडेच पाठवतो.

वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणी गेले असेल किंवा जुळे असेल तर हा उपाय करत नाहीत. आधीचे सिझेरियन असल्यास तज्ज्ञ विचार करून ठरवतात.

गुडघे व छाती टेकून कंबर उंच ठेवण्याच्या आसनाबद्दल अनेक भगिनी विचारतात. त्याने मूल नक्की फिरते असा पुरावा नाही. करायचे असल्यास डॉक्टरांना विचारून, चक्कर येत नसेल तरच करावे. मात्र पोट चोळून मूल फिरवू पाहणे घातक आहे. वार सुटून आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो आणि आई व मूल दोघांच्या जिवावर बेतते.

माहेरी जाताना
पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि तिचे कागद सासरी राहतात. असे होऊ देऊ नका. सोनोग्राफीचे रिपोर्ट व तपासणीचे कार्ड सोबत द्या. माहेरी पोहोचल्यावर नाव नोंदवा आणि ३६ व्या आठवड्यात तपासणी चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते.

मूल पायाळू असताना पाणी गेले, तर कळांची वाट पाहू नका. नाळ खाली घसरण्याची भीती असते. स्त्रीला चालवू नका. कमरेखाली उशी देऊन डाव्या कुशीवर निजवा आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. रक्त गेले किंवा मुलाची हालचाल कमी झाली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा.

जन्मानंतर अशा बाळाचे खुब्याचे सांधे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत. सांधा निसटलेला असल्यास लवकर कळल्यावर उपचार सोपे होतात.

बाळंतपण कोठे करायचे, हे कळा सुरू होण्याआधी ठरवा. पायाळू मुलाच्या बाबतीत हीच सर्वांत मोठी खबरदारी.