अंश वेगळा, छेद वेगळा

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात सोनारी हे गाव आहे. तेथील काळभैरवनाथाच्या देवळाभोवती माकडांच्या टोळ्या वावरतात. त्यांतलीच एक टोळी आज गणितासाठी घेऊ.

माकडांचा मोह भास्कराचार्यांनाही आवरला नव्हता. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात (इ. स. ११५०) एक उदाहरण आहे : कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला तर येतील तितकी माकडे वनात बागडत आहेत, उरलेली १२ टेकडीवर आहेत, तर कळप केवढा? उत्तरे दोन येतात, १६ आणि ४८. (करून पाहा.) तेथे अपूर्णांक दिलेला आहे, कळप अज्ञात आहे. आपल्या उदाहरणात अपूर्णांकच अज्ञात आहे.

टोळीतील काही माकडे देवळाच्या भिंतीवर बसली आहेत, बाकीची खाली. खालचे एक माकड वर चढले, तर निम्मी टोळी भिंतीवर होईल. ते चढले नाही, पण बाहेरची दोन माकडे टोळीत येऊन खाली बसली, तर भिंतीवर टोळीचा एकतृतीयांश भाग असेल. आत्ता भिंतीवर टोळीचा केवढा भाग आहे?

‘अपूर्णांक क्ष मानू,’ असे पुष्कळजण चटकन म्हणतात आणि तेथेच घसरतात. एक माकड चढले म्हणजे अपूर्णांकात १ मिळवला असे नव्हे. तो अंशात मिळवला. क्ष + १ म्हणजे तर अख्खी टोळी भिंतीवर, आणि शिवाय आणखी काही माकडे!

अंश आणि छेद स्वतंत्रपणे बदलतात, म्हणून अक्षरेही दोन हवीत. भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणत आणि पुढच्यांना रंगांची नावे देत : कालक, नीलक, पीतक. आपण अंश क्ष व छेद य मानू.

(क्ष + १)/य = १/२, म्हणून य = २क्ष + २
क्ष/(य + २) = १/३, म्हणून य = ३क्ष − २

नुसत्या पहिल्या समीकरणाने भागत नाही. १/४, २/६, ३/८ असे कितीतरी अपूर्णांक त्यात बसतात. दोन्ही समीकरणे मिळून मात्र क्ष = ४, य = १० हेच येते. ताळा : ५/१० = १/२ आणि ४/१२ = १/३.

आता उत्तर ४/१० लिहायचे की २/५? किंमत एकच आहे. पण २/५ घेऊन ताळा करा : अंशात १ मिळवला की ३/५, आणि हे काही निम्मे नव्हे. संक्षिप्त रूप देण्याची सवय चांगली, पण येथे ती टोळीची संख्याच पुसून टाकते. माकडे दहा आहेत, पाच नाहीत. उलट चूकही होते. १/२ दिसताच काहीजण क्ष + १ = १ आणि य = २ लिहून मोकळे होतात. मग क्ष शून्य होतो आणि भिंत रिकामी!

आता हे तुम्ही सोडवा. दुसऱ्या एका टोळीत खालचे एक माकड चढले, तर निम्मी टोळी भिंतीवर होईल. त्याऐवजी भिंतीवरची दोन माकडे टोळी सोडून गेली, तर उरलेल्या टोळीचा एकतृतीयांश भाग भिंतीवर राहील. (उत्तर : ६/१४)