सुगंधोपचार : शिक्षण, प्रशिक्षण आणि पोटापाण्याचा विचार

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी नवनव्या अभ्यासक्रमांची माहितीपत्रके येऊ लागतात. ब्युटी पार्लर, मसाज, स्पा यांच्या जोडीला 'अरोमाथेरपी' हे नावही त्यांत ठळक अक्षरांत असते. पालक ते कागद घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, "फी भरू का?" आमच्या ओळखीच्या एका आईने तर कानातले गहाण ठेवून लेकीची फी भरली. सहा दिवसांचा वर्ग, एक रंगीत प्रमाणपत्र आणि दहा छोट्या बाटल्या एवढेच मुलीच्या हाती आले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारले गेले, "तीस मिलिलिटर तेलात दोन टक्के मिश्रण करायचे, तर सुगंधी तेलाचे थेंब किती?" तिला सांगता आले नाही. दोष मुलीचा नव्हता. तिला ते शिकवलेच गेले नव्हते. अशी फसगत दुसऱ्या घरी होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुगंधोपचार म्हणजे काय?

फुले, पाने, साली, मुळे यांत उडून जाणारे सुगंधी तेल असते. ते बहुधा वाफेच्या साहाय्याने, म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढतात. संत्र्या-लिंबाच्या सालीचे तेल दाबून काढतात. या तेलांचा वास घेणे किंवा ती साध्या तेलात मिसळून अंगाला चोळणे म्हणजे सुगंधोपचार. 'अरोमाथेरपी' हा शब्द फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मॉरिस गातफॉसे यांनी रूढ केला; त्यांचे या विषयावरील पुस्तक १९३७ साली निघाले. सुगंधाचा व्यवहार मात्र आपल्याकडे जुनाच आहे. उत्तर प्रदेशातील कन्नौज गावी तांब्याच्या देगेत फुले उकळून, त्यांची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवून आजही अत्तर काढले जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सुगंधोपचाराने मनाचा ताण हलका होतो, काहींना झोप बरी लागते, आजारी माणसाला आराम वाटतो. परंतु त्याने मधुमेह, दमा किंवा कर्करोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. जो वर्ग असे शिकवतो, तो शिक्षण देत नसून भ्रम विकतो.

काय शिकावे लागते?

चांगल्या अभ्यासक्रमात पुढील विषय असलेच पाहिजेत.

१) शरीररचना : त्वचा, स्नायू, रक्ताभिसरण, श्वसन.

२) वनस्पतींची ओळख : नुसते 'निलगिरी' म्हणून भागत नाही. युकॅलिप्टस ग्लोब्युलसच्या तेलात सिनिओल प्रमुख असते, तर कोरिम्बिया सिट्रिओडोराच्या तेलात सिट्रोनेलल. नाव एक, गुण निराळे. म्हणून शास्त्रीय नाव पाठ हवे.

३) प्रमाण : शुद्ध सुगंधी तेल थेट अंगाला लावत नाहीत. एक मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरतात. तीस मिलिलिटरचे दोन टक्के म्हणजे ०.६ मिलिलिटर, अर्थात बारा थेंब. चेहऱ्यासाठी किंवा वृद्धांसाठी एक टक्का, म्हणजे सहा थेंब पुरे. मुलाखतीतील प्रश्नाचे उत्तर एवढे सोपे होते!

४) धोके : निलगिरीचे किंवा कापराचे तेल लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. बर्गामॉटचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. जुने, हवा लागलेले तेल अंगावर पुरळ आणते. गरोदर स्त्री किंवा फेफऱ्याचा रुग्ण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

५) प्रत्यक्ष सराव : येणाऱ्या माणसाची विचारपूस, नोंदवही, स्वच्छता आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली केलेले उपचार.

तीन वाटा

पहिली वाट सेवेची. आय.टी.आय.मधील कॉस्मेटॉलॉजीसारखा एक वर्षाचा सरकारमान्य अभ्यासक्रम आधी करावा आणि त्यावर सुगंधोपचाराची भर घालावी. नुसत्या सुगंधोपचारावर नोकरी मिळणे कठीण. मसाज व त्वचेची निगा येत असेल, तर हॉटेल, स्पा, पार्लर येथे जागा मिळते.

दुसरी वाट तेल काढण्याची. ही ग्रामीण तरुणांनी विशेष विचारात घ्यावी. लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था (सीमॅप) १९५९ पासून या क्षेत्रात आहे. कन्नौजचे सुगंध व सुरस विकास केंद्र १९९१ साली स्थापन झाले. दोन्ही ठिकाणी अल्पमुदतीची प्रशिक्षणे होतात. हिशेब मात्र आधी करावा. एक क्विंटल ओल्या गवती चहापासून साधारण अर्धा किलो तेल मिळते. भट्टी, जळण, पाणी आणि खरेदीदार यांची सोय पाहिल्याशिवाय लागवड करू नये.

तिसरी वाट शास्त्राची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना सुगंधी द्रव्ये बनवणाऱ्या व तपासणाऱ्या कारखान्यांत वाव आहे. तेलात भेसळ आहे की नाही, हे गॅस क्रोमॅटोग्राफीने ओळखतात. ते काम जाणकारच करू शकतो. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (पूर्वीचे यू.डी.सी.टी.) सुगंध व स्वाद तंत्रज्ञानाचे, तर मुलुंडच्या वझे महाविद्यालयात परफ्युमरी व सौंदर्यप्रसाधनांचे पदवीनंतरचे शिक्षण दिले जात आले आहे. त्या त्या वर्षीच्या प्रवेशाची चौकशी स्वतः जाऊन करावी. आमच्या मते, या तिन्ही वाटांत हीच सर्वांत टिकाऊ आहे.

कायदा काय म्हणतो?

सुगंधोपचारकांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद भारतात नाही. ब्रिटनमध्येही नोंदणी ऐच्छिकच आहे. म्हणून हे प्रमाणपत्र मिळाल्याने कोणी डॉक्टर होत नाही. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यकी करणे हा १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियमाखाली गुन्हा आहे. घरी तेल-क्रीम बनवून विकायचे असेल, तर सौंदर्यप्रसाधन निर्मितीचा परवाना लागतो.

फी भरण्यापूर्वी

पालकांनी पाच प्रश्न विचारावेत. एकूण तास किती, त्यांपैकी प्रत्यक्ष सरावाचे किती? शिकवणाऱ्याचे स्वतःचे शिक्षण काय? प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचे? मागील तुकडीतील मुले आज कोठे काम करतात, त्यांना भेटता येईल का? फी हप्त्याने घेता का? या प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळत नाहीत, तेथून शांतपणे उठून यावे.

आमच्या ओळखीची ती मुलगी खचली नाही. पुढे ती आय.टी.आय.त दाखल झाली, आणि आज बारा थेंबांचा हिशेब ती इतरांना शिकवते. परंतु तिच्या आईचे कानातले परत यायला दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे दुसऱ्या कोणाची वाया जाऊ नयेत, एवढीच आमची इच्छा.